सर्व कामांना एकच रायफल

१० जानेवारी
काल रायफल क्लबच्या हॉलमध्ये भाषण. विषय : आधुनिक स्पोर्टिंग रायफल आणि स्वतंत्र माणूस. टाचण नव्हतं, तरी जेवण थंड होईपर्यंत बोललो. म्हटलं, आजोबांच्या बंदुकीने हरीण पडायचं आणि आजोबांचा खांदाही पडायचा. ही रायफल हलकी. धक्का नाही. बाई चालवो, म्हातारा चालवो, नेम तोच. बारीक नळी लावा, कोल्ह्याला चालते. दोन पिना काढून जाड नळी लावा, रानडुकराला चालते. दस्ता लांब करा, आखूड करा. उगाच नाही या देशात दर दुसऱ्या ट्रकमध्ये ती सापडत. लोक मूर्ख नाहीत. लोक नेहमी कामाची वस्तू उचलतात आणि शोभेची सोडून देतात.

टाळ्या. मागच्या रांगेतून गेलन क्राउसने विचारलं की बिस्किटांचं पीठ मळायला कुठली नळी लावायची. लोक हसले. गेलन गाढवं पाळतो. त्याच्याकडून याहून जास्त अपेक्षा नाही.

नंतर व्हर्लीन हटो आली. नवरा डब गेल्यापासून एकटी मेंढ्या सांभाळते. म्हणाली, फेब्रुवारीत खुब्याचं ऑपरेशन आहे, आणि तेव्हाच मेंढ्या वितात. कोल्हे माजलेत. ह्यूस्टनचा मुलगा म्हणतो, रान विक आणि आमच्या इमारतीत राहायला ये, तिथे पोहण्याचा तलाव आहे. या वेळची कोकरं जगली तर मी इथे राहीन रॉइस, नाही तर मरेपर्यंत तलावाकडे बघत बसेन. पहाटेची राखण करशील का?

तिचं वाक्य संपायच्या आत हो म्हटलं.

संकल्प : कळप वाचवायचा. मग मार्चमध्ये लग्नाचं विचारायचं. नाही म्हणायला तोंड राहणार नाही तिला.

१७ जानेवारी
सामान आलं. अंधारात जनावराच्या अंगाची ऊब टिपणारा स्कोप, म्हणजे नेमाची दुर्बीण. दिवा. लेझर. तिवई. दुसरा स्कोप, पहिला बंद पडला तर. खांद्याला रुतू नये म्हणून गादीचा पट्टा, त्यावर मोठ्या पिवळ्या अक्षरांत शिवून घेतलं : रॉइस टिडवेल, अध्यक्ष. क्लबची निवडणूक एप्रिलमध्ये आहे, पण माणसाने दूरचं पाहावं.

रायफल आता थोडी जड लागते. हे सामानामुळे नाही, माझ्या दुखऱ्या पाठीमुळे.

व्हर्लीनला दाखवली. तिने सगळीकडून बघितली आणि विचारलं, नाताळ होऊन गेला ना रे, मग हे झाड अजून सजवलेलं कसं? माझ्याशी थट्टा करते. चांगली खूण आहे.

तिच्या ट्रकच्या सीटमागे हीच रायफल आहे, अगदी हीच. पण अंगावर काही नाही, विधवेसारखी. तिनेच डबच्या मागे पाच-सहा कोल्हे पाडले, असं लोक सांगतात. असतील जखमी वगैरे.

२४ जानेवारी
स्कोपचा नेम लावायला व्हर्लीनबरोबर नेमबाजीच्या मैदानावर गेलो. माझ्या लक्ष्यावर भोक नाही, शेजारच्या मुलीच्या लक्ष्यावर आठ. मुलीने आभार मानले. वारा होता.

व्हर्लीन खुर्चीत बसून, खुबा धरून, तिच्या नागड्या रायफलीने सोडा कॅन उडवत होती. बसून सोपं पडतं.

निघताना म्हणाली, तुझ्या दोन्ही नळ्यांची मॅगझिनं दिसायला सारखीच आहेत. डुकराची काडतुसं भरतोस त्यांना लाल टेप लाव. जाड गोळी बारीक नळीत गेली तर रायफल तुझ्या तोंडावर फुटेल. मी म्हटलं, ज्याला आपली काडतुसं ओळखायला टेप लागते, त्याने गोफण वापरावी. ती म्हणाली, डबलाही टेप आवडायची नाही, पण डबकडे एकच नळी होती.

मेलेल्या नवऱ्याचं किती कौतुक. लग्नानंतर सवय मोडेन.

(वाक्य चांगलं जमलं. गोफणीचं. पुढच्या भाषणात घ्यावं.)

३ फेब्रुवारी
अपमान. गेलन क्राउसने व्हर्लीनच्या रानात गाढवीण आणून सोडली. नाव पर्ल. म्हणे कोल्हा दिसला की ओरडते, लाथा घालते, कळपाजवळ फिरकू देत नाही. व्हर्लीननेच मागितली होती म्हणे. मी विचारलं, माझ्यावर विश्वास नाही? ती म्हणाली, आहे रे, पण तू झोपतोस.

गेलन ट्रकचं दार लावत म्हणाला, जनरलसाहेब, हिची बॅटरी संपत नाही.

त्याचं लग्न दोनदा मोडलंय. बायकांना गाढवं आवडत नाहीत, हे त्याला अजून कळलेलं नाही.

८ फेब्रुवारी
व्हर्लीन हॉस्पिटलात गेली. जाताना घराची किल्ली दिली. स्वयंपाकघरात खोक्यात एक कोकरू आहे, आई मेलेलं, बाटलीवर वाढवलेलं. नाव बिस्किट. तिच्या मांडीवर डोकं ठेवून दूध पितं. म्हणाली, बाकी गेली तर रडेन, हे गेलं तर तुझ्याशी बोलणार नाही. गोड बोलते.

१२ फेब्रुवारी, सकाळ
चार पहाटा रानात काढल्या. एकही कोल्हा नाही. एकही कोकरू गेलं नाही. कळप धडधाकट.

ही परिस्थिती फार वाईट आहे.

कारण पर्ल. गाढवीण कुंपणाकडे तोंड करून उभी राहते आणि काही हललं की भोंगा वाजवते. कोल्हे माझ्या टप्प्यात येतच नाहीत. मग रायफलीचा उपयोग सिद्ध कसा व्हायचा? व्हर्लीन परत येऊन विचारेल, कळप कोणी राखला? मी काय सांगू, गाढवाने?

पर्लला गोठ्याच्या मागच्या खोपटात कोंडलं. चारा भरपूर टाकला. मी काही निर्दय नाही.

१३ फेब्रुवारी
कोल्हे आले. पद्धत बरोबर ठरली.

तीन होते. स्कोपमध्ये पांढरेशुभ्र दिसत होते, मग स्कोप काळा झाला. थंडीने बॅटरी मेली. दुसरा स्कोप लावला. त्याचा नेम लावलेला नव्हता, हे आठवायच्या आत बार काढला. पाण्याच्या टाकीला लागला. टाकी सकाळभर गळली. तोवर दोन कोकरं गेली.

निसर्ग आपला कर घेतोच. व्हर्लीनला फोनवर सांगितलं, सगळं ठीक. तिने विचारलं, पर्ल काय म्हणते? म्हटलं, खाते आणि झोपते. ती म्हणाली, आश्चर्य आहे. मी म्हटलं, गेलनचं जनावर, आश्चर्य कसलं.

१५ फेब्रुवारी
काल क्लबमध्ये जेवण आणि भाषण. विषय : सतत जागृती. घरी यायला उशीर झाला, पहाटे उठवलं नाही. रानात गेलो तेव्हा ऊन आलं होतं. गिधाडं खाली बसली होती.

पाच. खड्डा खणून पुरली. मेंढ्या खड्ड्याभोवती फिरत होत्या, ओरडत होत्या. ऐकवेना. बार काढताना घालतो ती बोंडं कानात घातली आणि खणलं.

भाषण फार छान झालं होतं.

१९ फेब्रुवारी
रानडुकरांनी ओढ्याकाठी नांगरल्यासारखं केलंय. जाड नळी लावून गेलो. डुक्कर नाही दिसलं. पण नळी बदलायला किती सोपी, हे पुन्हा पटलं. ही सोय जगात कुठल्या बंदुकीत आहे? गार पडलं होतं म्हणून मॅगझिन तसंच कोटाच्या खिशात टाकून घरी आलो.

२३ फेब्रुवारी
व्हर्लीन घरी आली. वॉकर धरून खिडकीशी उभी राहिली आणि बोटाने मोजत राहिली. दोनदा मोजलं. मग विचारलं, रॉइस, बाकीची कुठे आहेत? म्हटलं, ओढ्याकडे असतील. तिने म्हटलं, तिथे काय करतात? म्हटलं, चरतात. ती म्हणाली, दहा दिवसांची कोकरं?

मग विचारलं, पर्ल दिसत नाही. म्हटलं, पाय मुरगळला, विश्रांती घेतेय.

गेलनला फोन करते म्हणाली. मी म्हटलं, मला एक पहाट दे, फक्त एक. माणूस एखाद्या गोष्टीसाठी आयुष्यभर बोलला असेल, तर त्याला एकदा ती करून दाखवू द्यावी. तिने फोन खाली ठेवला. म्हणाली, मुलाचा माणूस शनिवारी रान बघायला येतोय, तोवर काय वाचवायचं ते वाचव.

दया आली असेल किंवा प्रेम. मी प्रेम धरून चाललोय.

२५ फेब्रुवारी
योजना. एकच कोल्हा पुरे. त्याचं कातडं तिच्या पायरीवर ठेवायचं. कोकराचा आवाज काढून कोल्ह्यांना बोलावण्याचं बॅटरीचं यंत्र मिळतं, पण कोल्हे आता त्याला फसत नाहीत. खरा आवाज हवा. बिस्किटचा आवाज फार कोवळा आहे.

धोका नाही. मी तीस पावलांवर असणार.

२६ फेब्रुवारी, पहाट
व्हर्लीन झोपलीय. बिस्किटला खोक्यातून काढलं, माझा अंगठा चोखत होतं. दोरी सापडली नाही म्हणून रायफलीचा पट्टा काढला, त्याच्या गळ्यात अडकवला आणि खुंटाला बांधलं. पट्टा मऊ आहे, रुतणार नाही. ओरडतंय मस्त.

बारीक नळी लावली. मॅगझिन कोटाच्या खिशातलं. नवा स्कोप, नवी बॅटरी. तांबडं फुटतंय.

काडतूस आत जाताना जरा अडलं. तळहाताने ठोकलं. बसलं.

आला. लेखणी ठेवतो.

१ मार्च (डाव्या हाताने)
अक्षर वाईट येईल. उजव्या तर्जनीचं एक पेर गेलं. भुवया दोन्ही. डाव्या कानात घंटा वाजतेय, बाहेर कुठे चर्च नाही.

चूक माझी नाही. काडतुसं बनवणाऱ्यांनी दोन्हींचा बुडखा सारखा का ठेवावा? सामान्य माणसाने किती लक्षात ठेवायचं?

काय झालं ते थोडक्यात. चाप ओढला. रायफल पोटातून फाटली, मॅगझिन खाली उडालं, मी मागे पडलो. डोळ्यांत धूर. कोल्ह्याला काही झालं नाही. तो एक क्षण बिचकला, मग खुंटाकडे गेला. बिस्किट पळालं, पट्ट्याला ताण बसला, पट्टा तुटला नाही. पट्टा उत्तम प्रतीचा होता.

त्या आवाजाने पर्लने खोपटाचं दार आणि गळ्यातलं दावं, दोन्ही तोडलं. माझ्या अंगावरून उडी मारून गेली. मानगूट धरून कोल्ह्याला आपटलं, मग पुढचे दोन्ही पाय घेऊन त्याच्यावर नाचत राहिली. मेल्यानंतरही नाचत होती. आयुष्यात इतकं स्वच्छ काम पाहिलं नाही.

बिस्किटसाठी उशीर झाला होता.

व्हर्लीन खिडकीत उभी होती. आवाजाच्या आधीपासून, असं नंतर कळलं. वॉकर घेऊन चिखलातून आली. मला वाटलं माझ्याकडे येतेय. ती खुंटाशी गेली, कशीबशी वाकली, गळ्यातला पट्टा सोडवला. त्यावरचं वाचलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, ॲम्ब्युलन्सला फोन केलाय, फाटकापर्यंत चालत जा.

१० मार्च
व्हर्लीनला तीन वेळा फोन केला. चौथ्यांदा गेलनने उचलला. म्हणाला, ती कोकरांना पाजतेय, जनरल. रान विकणार नाही असं मुलाला सांगितलं. मी म्हटलं, म्हणजे कळप वाचला? तो म्हणाला, तुझ्यातून जेवढा उरला तेवढा.

म्हणजे मूळ संकल्प पुरा झाला. हे कुणी बोलून दाखवत नाही.

तिने माझ्यासाठी निरोप ठेवला आहे का, विचारलं. गेलन म्हणाला, किल्ली पोस्टाने पाठव, असा आहे.

२१ मार्च
क्लबने मानाने बोलावलं. नवीन सभासदांचा सुरक्षेचा वर्ग होता. फुटलेली रायफल भिंतीवर टांगलीय, खाली लाल टेपचं रीळ आणि माझा फोटो. मी बोलायला उभा राहिलो तर शिक्षिका म्हणाली, बसा, तुम्ही नुसता हात दाखवा.

हात दाखवला. पहिल्यांदाच हॉलमध्ये इतकी शांतता होती. परिणामकारक वक्ता शब्दांवर अवलंबून नसतो.

संकल्प : नवी घ्यायची. मधल्या बोटानेही चाप ओढता येतो. रायफलीत काही खोट नाही, हे मी मरेपर्यंत सांगेन, आणि ते खरंच आहे. व्हर्लीनची तीच रायफल आहे. काल तिने आणखी एक कोल्हा पाडला म्हणे.

३ एप्रिल
निवडणूक झाली. माझं नाव कुणी सुचवलं नाही. मीच सुचवलं, अनुमोदन मिळालं नाही.

येताना व्हर्लीनच्या रानावरून गाडी हळू चालवली. ती कुंपणाशी खुर्ची टाकून बसली होती, मांडीवर रायफल, पायाशी कोकरं. हात हलवला. तिने हलवला नाही. दिसलं नसेल.

पर्ल मात्र फाटकापाशी आली. दावं तुटल्यापासून तिच्या गळ्यात माझा गादीचा पट्टा आहे. धुतलाय. पिवळी अक्षरं लांबूनही वाचता येतात : रॉइस टिडवेल, अध्यक्ष. गावातली मुलं आता तिला अध्यक्ष म्हणूनच हाक मारतात, असं गेलनने सांगितलं. हाक मारली की ती येतेही म्हणे.

गाडी थांबवली. काच खाली करून मी हाक मारून पाहिली. आली नाही.