आत्याचा काढा

३ फेब्रुवारी

अठरा मिलिमीटर! दोनदा मोजलं, मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा. जंतूंच्या थरात औषधाभोवती स्वच्छ गोल पडला आहे. आत्या ज्या पानांचा काढा करते त्यांचेच अर्क दोन वर्षं करतेय, कधी टाचणीएवढाही पडला नाही. काल गंमत म्हणून आत्याचा सकाळचा काढा शिशीतून नेला — आणि हे! प्रबंधाचं अडकलेलं प्रकरण सुटलं. दिवसभर हवेत तरंगत होते.

४ फेब्रुवारी

मार्गदर्शक मॅडम: "एकदा पडला तो योगायोग. स्वतः अर्क कर, तीनदा पाड, मग नाच."

७ फेब्रुवारी

बाल्कनीतल्या त्याच झाडाची पानं, काचेचं भांडं, काटेकोर तापमान. शून्य. आत्याला सांगितलं तर फुशारली. "हाताला गुण असावा लागतो गं! शेजारणीची मोरी बघ, हिरवीगार. आपल्या मोरीत शेवाळाचं नाव नाही." काढ्याचा आणि मोरीचा काय संबंध? पण आत्याची फुशारकी एकदा सुरू झाली की कुठेही जाते.

१२ फेब्रुवारी

परत शून्य. हात टेकले.

१५ फेब्रुवारी

विषारीपणाची चाचणी लावली होती. खाऱ्या पाण्यात कोळंबीची पिल्लं सोडायची, त्यात औषध घालायचं आणि दुसऱ्या दिवशी मोजायची. टाचणीच्या डोक्याएवढी असतात, मजेत गिरक्या घेतात. माझ्या अर्कात तीसच्या तीस पोहत होती. आत्याच्या काढ्यात एकही नाही. सगळी तळाला.

चार वर्षं आत्या हा काढा रोज पेलाभर पितेय. आणि रोपटं आणलं कोणी? मीच! नवीन नवीन शिकत होते, मोठ्या तोऱ्यात म्हटलं होतं, "आत्या, रोज घे, गुडघे पळायला लागतील." मग आपण मोकळ्या! नंतर एकदाही काही विचारलं नाही. मूर्ख मी.

१६ फेब्रुवारी

सकाळी स्वयंपाकघरात उभी राहून पाहिलं. बाहेरून काळंकुट्ट पातेलं, आत कल्हई केव्हाच उडालेली — लालभडक तांबं! त्यात रात्रीच पानं घालून वर अख्खं लिंबू पिळते, रात्रभर तसंच ठेवते आणि सकाळी उकळते. लिंबाने तांबं सुटणार नाही तर काय! कपाळावर हात मारला.

उरलेला काढा प्रयोगशाळेत नेला. शेजारच्या टेबलावरचा तांबोजी (हे नाव आम्हीच ठेवलंय, सहा वर्षं तो तांब्याची संयुगंच बनवतोय) आनंदाने धावत आला. काढा जाळला, राख आम्लात विरघळवली, वर अमोनियाचे थेंब. निळंशार! तांबं, भरपूर. पानांतली द्रव्यं त्याला धरून बसतात. जंतू मारतं ते हेच, आणि पिल्लंही. तांबोजी म्हणाला, "मी सहा वर्षं घासतोय, तुझ्या आत्याने लिंबू पिळून उरकलं!" मॅडमही हसल्या. म्हणाल्या, प्रकरण बदल, पण लिही. हे खरं सापडलंय.

मला हसू येईना. घरी येऊन पातेलं कपाटात कुलपात टाकलं, काढा बंद म्हणून सांगितलं. आत्या लगेच "बरं" म्हणाली. स्वेटर घाल म्हटलं तरी तासभर वाद घालणारी आत्या! नक्कीच घाबरली असणार.

१७ फेब्रुवारी

तिला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. रक्त दिलं. वाटेत सारखी म्हणत होती, "मला काही झालेलं नाही गं, उगाच त्रास." मी रिक्षात रडले. तिने रुमाल दिला आणि बाहेर बघत बसली.

१८ फेब्रुवारी

रिपोर्ट उद्या. जेवण गेलं नाही.

१९ फेब्रुवारी

यकृत ठणठणीत! मूत्रपिंड ठणठणीत! तांबं अगदी प्रमाणात. जीव भांड्यात पडला. डॉक्टरीणबाईंना पातेल्याची सगळी हकिगत सांगितली. त्यांनी रिपोर्ट उलटसुलट केला. "चार वर्षं? रोज पेलाभर?" मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "पिते ना नक्की? एकदा विचारून बघा."

२० फेब्रुवारी

विचारलं. एकच घोट घेतला होता, पहिल्या दिवशी. "कडू जहर!" बाकी सगळा बाल्कनीच्या मोरीत, चार वर्षं. मग रोज उकळायची कशाला? "तू रोपटं आणलंस तेव्हा केवढी खूश होतीस. सकाळी वास आला नसता तर तुला कळलं असतं ना."

गुडघे कसे आहेत, हे चार वर्षांत आज पहिल्यांदा विचारलं. दुखतात म्हणाली.