लिंबात थाईम

१८ मार्च, सकाळ
मुझगान माहेरी गेली. जाताना म्हणाली, की या घरात एक तर ती राहील, नाहीतर तो वास. रागात बोलतात माणसं. चार दिवसांत येईल. तोवर थाईम थोडा वाढवावा.

वडील जन्मभर साधं लिंबाचं कोलोन करत. अख्खं एदरेमित गाव तेच हातावर घेई. मी ते बंद केलं. प्रगती नको? माझ्या कोलोनमध्ये लिंबू, बर्गमॉट, रोझमेरी आणि डोंगरावरचा थाईम.

संकल्प: ईदेला सासूबाईंकडे हेच. दर ईदेला तिथं पाहुण्यांच्या हातावर कोलोन मीच ओततो. जावई कसला, घरचाच मुलगा. वास आला की मुझगान स्वतःच बॅग भरेल.

२४ मार्च
सलूनवाल्या रेम्झीला सॅम्पल दिलं. दाढीनंतर गालाला लावायला.

२५ मार्च
रेम्झीनं बाटली परत आणली. म्हणाला, की बाबा रे, रमजानात उपाशी माणसाच्या गालाला मटणाचं वाटण काय चोळायला लावतोस? एक गिऱ्हाईक म्हणे खुर्चीतच रडकुंडीला आलं.
रेम्झीला नाक नाही. थाईम आणि लिंबू लोक मटणाला लावतात, हा काय माझा दोष?

३० मार्च
फोन केला. सासूबाईंनी उचलला. मुझगान आंघोळीला गेलीय म्हणाल्या. सकाळीही आंघोळच चालली होती. स्वच्छतेची फार आवड तिला.
खाटकाची मांजर दुकानापर्यंत मागं आली. प्राण्यांना चांगलं कळतं.

४ एप्रिल, संध्याकाळ
रोजा सोडायला चहाचे दोन पेले भरले. सवय. दोन्ही मीच प्यायलो. घर खायला उठतं. मुझगान, परत ये गं.
(वरची ओळ खोडायची.)
रोझमेरी वाढवली.

९ एप्रिल
उद्या ईद. शर्टला इस्त्री केली. कॉलर जळली. स्वेटर घालीन. प्लॅन पक्का.

१० एप्रिल, ईद
सासूबाईंचा हात चुंबून कपाळाला लावला. लगेच बाटली काढली. पहिले मामेसासरे. त्यांनी हात हुंगला, म्हणाले, जेवण लागलं वाटतं, आणि खरंच उठून टेबलापाशी जाऊन बसले. खोली हसून हसून लोळली. मुझगान हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं.

तिनं माझ्या हातातली बाटली काढून घेतली. आतून दुसरी आणली. माझ्या वडिलांची. शेवटची, कधीपासून जपून ठेवलेली दिसली. एकेकाच्या हातावर ओतत माझ्यापाशी आली. माझ्याही हातावर ओतलं, लिमलेटच्या गोळ्यांची वाटी पुढं केली. शेजारच्या बाईंना म्हणाली होती तेच मला म्हणाली, की आलात, बरं वाटलं.

गोळी घेतली. थोडं बसलो. पाहुणे उठले तेव्हा मीही उठलो.

हात अजून धुतलेले नाहीत. नुसतं लिंबू आहे.