डोळे बारशाला लावू

माय,

तुला वाचता येत नव्हतं. घरी पत्र आलं की तू ओसरीवर बसायचीस आणि मला म्हणायचीस, "वाच गं, सावकाश वाच, शब्द गिळू नको." मग हे पत्र तुला कोण वाचून दाखवणार, हे मला विचारू नको. तुला जाऊन अकरा वर्षं झाली. हे मी कुठं पाठवणारही नाही, लिहून कपाटात ठेवणार आहे. पण लिहायचंय. एक वाक्य मी तुला नांदेडच्या दवाखान्यात, चार बायांच्या देखत बोलले होते. ते मी कधी मागे घेतलं नाही. तू होतीस तेव्हा जीभ रेटली नाही, आणि आता रेटून काय उपयोग. तरी काल इथं लातूरला जे झालं, त्यानं ते परत घशाशी आलं.

आधी माझं सांगते. मी आता जनावरं शिवते. हसू नको. हातानं शिवते, मशीन लावत नाही. शेळीचं अंग, त्याला हत्तीचे कान, पाय पाच, शेपटीच्या जागी माशाचा पर, असली काहीबाही. गुडघ्याएवढी असतात, एक तर दारातून आत घेताना आडवं करावं लागलं. इथल्या हॉलमध्ये त्यांचं प्रदर्शन लागलंय आणि कार्डावर 'कापडी शिल्पं' असं छापलंय. तू म्हणाली असतीस, "शिल्प कशाचं बाई, ओटीतले ब्लाउजपीस हायत की." हायतच. कापड तेच, तऱ्हाही तुझीच. उलटं शिवायचं, बोटभर तोंड उघडं ठेवायचं, त्यातून सुलटं करायचं आणि कापूस भरत जायचा. शिंगाचं टोक सुईनं ओढून बाहेर काढायचं. गालाला खळी हवी तर सुई आरपार घालून दोरा आवळायचा. लोक विचारतात, कुठं शिकलात? मी म्हणते, घरी. पुढं कुणी विचारत नाही आणि मीही सांगत नाही.

पहिलटकरीण म्हणून मी सातव्या महिन्यात माहेरी कंधारला आले, ते दिवस मला अजून जसेच्या तसे दिसतात. दुपारची वेळ आहे, मी पाणी प्यायला उठलेय, आणि तू मागच्या पडवीत पाठमोरी बसून काहीतरी पदराखाली सरकवतेस. शेजारी टोपल्यात आपल्या शेतातला सरकी काढलेला कापूस. गल्लीत कुणाकडंही बाळ झालं की कुंची-दुपटं तूच शिवायचीस, पण बाळ जन्मल्यावर. आधी शिवू नये, हे सगळ्या पोरींना दटावून सांगणारीही तूच. मी पदर ओढला.

"काय शिवून राहिलीस?"

"काई न्हाई. चिंध्या हायत."

"माय, आधी काही शिवू नये म्हणतेस ना?"

"मंग मी कुठं लेकराचं शिवून राहिले? हे बघ. पोपट हाय का हे?"

"न्हाई."

"हत्ती हाय का?"

"न्हाई."

"ज्याला नावच न्हाई, ते कुणाचं म्हणायचं? आन् डोळे बी लावले न्हाईत. डोळे बारशाला लावू. डोळ्याबिगर ते पुरं न्हाई, आन् पुरं न्हाई तर शिवलं कसं म्हणतील?"

किती हसलो आपण दोघी! पोट दुखेपर्यंत हसलो. मी म्हणाले, तू वकील व्हायला पाहिजे होतीस. तू लाजून तोंडाला पदर लावलास. पाळण्यावर टांगायला चार केली होतीस. एकाला शिंगं होती, एकाला बदकाची चोच आणि उंटाची मदार. कुठं बघितलं होतंस गं हे सगळं? तू तर नांदेडच्या पलीकडं गेली नव्हतीस. रीत न मोडता शिवायचं म्हणून तुला जगात नसलेली जनावरं शोधावी लागली, आणि ती तुला सुचत गेली. माझ्यापेक्षा तुझी चांगली होती माय, हे मी खरं सांगते. मी कागदावर काढून, मापं घेऊन करते. तुझ्या नुसत्या बोटांत होतं.

मग ते झालं. जीपनं नांदेडला नेलं, डॉक्टरीणबाईंनी पोटावर यंत्र फिरवून बघितलं, परत फिरवलं, आणि ठोके लागत नाहीत म्हणाल्या. मुलगी होती. दुसऱ्या दिवशी भावकीतल्या बाया खाटेभोवती उभ्या होत्या. तू पायथ्याशी बसून माझे तळवे चोळत होतीस. मी पाय ओढून घेतला आणि म्हणाले, "तूच आधी शिवून ठेवलंस. तुझ्या हातानं गेलं माझं लेकरू." कशी बोलले गं मी! बायांनी एकमेकींकडं बघितलं. तू माझ्या पायांवर पांघरूण ओढलंस. घरी आल्यावर पडवीत बसून चारी जनावरं उसवलीस, कापूस मोकळा केलास आणि त्याची उशी भरून माझ्या डोक्याखाली दिलीस. मी तिच्यावर दीड महिना झोपले.

माझं वाक्य माझ्या आधी गल्लीत पोचलं होतं. त्यानंतर तुझ्याकडं कुणी कुंची मागायला आलं नाही. बारशाला बोलावणं यायचं ते बाबांना, नावापुरतं. तू जायची नाहीस, गुडघे दुखतात म्हणायचीस. हे मला चुलतीनं सांगितलं, तू नाही. आणि मी काय केलं? लातूरला माझा संसार करत राहिले. तीन वर्षांनी ही दुसरी लेक झाली तेव्हा बाळंतपणाला माहेरी आलेच नाही. तू बारशाला लातूरला आलीस. दारात चप्पलही काढली नव्हतीस, आणि पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं गुलाबी अस्वल काढून पहिलं वाक्य बोललीस ते हे, "बाजारातून आणलंय गं. म्या न्हाई शिवलं." त्यावर दुकानाची चिठ्ठी तशीच ठेवली होतीस, पुरावा म्हणून. मी फक्त म्हणाले, आत ये. तेव्हा पाय धरायला हवे होते तुझे. पाहुणे होते, स्वयंपाक व्हायचा होता, बोलू सावकाश, असं वाटलं. असं वाटण्यातच तुझी वर्षं सरली. शेवटी तू आजारी होतीस तेव्हाही मी तुला मोसंबीचा रस पाजत राहिले आणि पावसापाण्याचं बोलत राहिले. लाज वाटते माय.

तर काल. हॉलमध्ये एक पोर आली, सातवा-आठवा महिना असेल, सोबत तिची आई. शिंगवाल्या जनावरापुढं पोर अडून बसली, हेच पाहिजे म्हणाली. आई म्हणाली, "आधी काही घेऊ नाही बाई." दोघी माझ्याकडं बघायला लागल्या, जणू मी मोठी जाणती. मला तुझं उत्तर तोंडपाठ होतं. याला नावच नाही, मग हे कुणाचं म्हणायचं, घ्या, एवढंच म्हणायचं होतं. पण माझ्या तोंडून भलतंच निघालं. "हलतंय ना गं पोटात?" पोर हसली. "लई लाथा मारून राहिलंय मावशी, झोपू देत न्हाई." ते जनावर मी तिला तसंच देऊन टाकलं.

आता ते सांगते, जे मी कुणालाच सांगितलेलं नाही, माझ्या नवऱ्यालाही नाही. डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, हालचाल कधीपासून नाही? मी म्हणाले, आज सकाळपासून. तो बुधवार होता. माय, सोमवारपासून नव्हती. सोमवारी सकाळी तू मला रागावलीस, 'नुसती लोळून राहिलीस, चार पावलं चाल' म्हणून, आणि मी तुझ्याशी अबोला धरला. एवढ्याशा गोष्टीवर! दुपारी माझ्या ध्यानात आलं की पोट गप्प आहे. वाटलं, झोपलं असेल. संध्याकाळी भीती वाटली. पण सांगायचं म्हणजे आधी मी बोलायचं, आणि मी का म्हणून आधी बोलू? मंगळवारी तू जेवणाचं ताट ठेवलंस, पण गेली नाहीस, दाराशी थांबलीस. मी भिंतीकडं तोंड करून पडले होते.

"लेकरू हलून राहिलं ना गं?" तू विचारलंस.

मी म्हणाले, "हाव."