हाकमन साहेबांचा डावा गुडघा

प्रिय परीक्षित,

तुझा गुडघा डॉक्टरला दाखव म्हटल्यापासून तू माझा फोन उचलत नाहीस. म्हणून हे लिहून त्याचा फोटो आईच्या मोबाइलवर पाठवतोय. रविवारच्या फायनलआधी एवढं वाच लेका.

आमच्या फुटबॉल क्लबचे डच मॅनेजर हाकमन साहेब तू फोटोत बघितलेत. एकेकाळी काय स्ट्रायकर होता हा माणूस! बाविसाव्या वर्षी एका हंगामात एकतीस गोल. मग डावा गुडघा दुखायला लागला आणि गडी इंजेक्शनं घेऊन खेळत राहिला. अठ्ठाविसाव्या वर्षी खेळ खलास. पुढं मॅनेजर झाला, पाच देश फिरून इथं बहारीनला आला. अजून क्लबचा जिना कठड्याला धरून चढतो. मला वाटायचं, ह्याला तरी गुडघ्याची किंमत कळत असणार. कसलं काय!

गेल्या आठवड्यात आमच्या हुसेनचा गुडघा सुजला. तुझ्याच वयाचा, तुझ्यासारखाच नऊ नंबरवाला, हट्टी. फिजिओ म्हणून मी तीन आठवडे विश्रांती लिहिली. साहेब भडकले. सलग चार मॅच हरलेलो, पाचवी हरली की त्यांची गच्छंती. फिट लिहून दे, नाहीतर लिहिणारा दुसरा आणतो म्हणाले. हुसेनही गयावया करायला लागला. आणि माझा व्हिसा पुढच्या महिन्यात रिन्यू व्हायचाय. दोन दिवस मला जेवण गेलं नाही.

मी सही केली, परीक्षित.

काल सतराव्या मिनिटाला हुसेन वळला आणि कोसळला. गुडघ्याचा तो आवाज मला बाकावर ऐकू आला. स्ट्रेचरवरून मलाच विचारत होता, महिन्याभरात खेळेन ना? मी इंशाल्ला म्हटलं. खोटं बोललो. साहेब त्याचे बूट मांडीवर घेऊन रडत बसले. त्यांच्याही वेळी नको म्हणणारं कुणी नव्हतं म्हणे. मला त्यांची कीव आली नाही, स्वतःचीच लाज वाटली.

आईनं सांगितलं, तूही रविवारी इंजेक्शन घेऊन उतरणार आहेस. पेठेची इज्जत म्हणे! म्हणून आज सकाळी मीच कोल्हापूरला तुझ्या तालमीची फुटबॉल टीम बघणाऱ्या विठ्ठल मास्तरांना फोन केला आणि तुझं नाव संघातून काढायला लावलं. हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये, म्हणून हे पत्र. शिव्या दे मला. वर्षभर बोलू नकोस, चालेल.

तुझाच,
आण्णा