पेटीचा पत्ता

बाबा, महासंघाचा इतिहास लिहायचं काम शेवटी माझ्याकडेच आलं. राज्यभरातली भजनी मंडळं एकत्र आणणारी संस्था तुम्ही उभी केलीत, तिचे पहिले चिटणीस तुम्ही, तेव्हा स्मरणिकेतला पहिला लेख तुमच्या लेकीनं लिहावा असं कार्यकारिणीत सगळ्यांनाच वाटलं. "सरांचं सगळं दप्तर तुमच्या घरीच आहे ना ताई, मग तुमाले काय अवघड?" अध्यक्ष फोनवर म्हणाले. मी हो म्हणाले. तुम्ही जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि इतक्या वर्षांत मी ते दप्तर एकदाही उघडलेलं नव्हतं, हे त्यांना कशाला सांगू?

दप्तर तुमच्या कपाटाच्या खालच्या खणात होतं. सभासद मंडळांची जाड नोंदवही, जिच्यातलं अक्षर माझं आहे, आणि तिच्याखाली एक पातळ वही, जिच्यातलं अक्षर तुमचं. या पातळ वहीवरूनच मी मोठी नोंदवही उतरवून काढली होती. बारा वर्षांची होते. आपल्या अमरावतीच्या घरात टेबल एकच, त्यावर तुम्ही गावोगावच्या लोकांच्या हार्मोनियमच्या पेट्या उघडून सूर दुरुस्त करत बसायचात, म्हणून मी स्वयंपाकघरात पाटावर वही ठेवून लिहीत असे. आई ज्वारीच्या भाकरी थापते आहे, पीठ वहीवर उडू नये म्हणून मला सारखी मागे सरक म्हणते आहे, आणि तुम्ही दारात उभं राहून सांगता आहात: गाव, मंडळाचं नाव, प्रमुख. पातळ वहीत दोन वेगळे रकाने होते, एक प्रमुखाचा आणि एक पेटीच्या पत्त्याचा. मंडळातली माणसं आज या घरी जमतात, उद्या त्या घरी. पेटी मात्र एकाच घरी मुक्कामाला असते, म्हणून पत्र पेटीच्या पत्त्यावर धाडायचं, अशी साधी रीत होती. मोठ्या वहीत तुम्ही दोन्हींचा एकच रकाना केलात. पेटी ज्याच्या घरी, तोच प्रमुख.

अकोल्याच्या महिला मंडळापाशी मी थांबले. पातळ वहीत प्रमुख म्हणून एका बाईंचं नाव होतं, त्यावर लाल शाईची रेघ, आणि शेजारी त्यांच्या दिराचं नाव. "बाबा, बायकांच्या मंडळाचा प्रमुख पुरुष कसा?" मी विचारलं. तुम्ही म्हणालात, "पेटी आता त्याच्याकडे आहे. सांगतो तसं लिही, शंका काढत बसू नको." तुम्ही मला क्वचितच रागवायचात, त्यामुळे मी घाबरून लिहून टाकलं. पातळ वहीच्या पहिल्याच पानावर पहिल्या सभेची नोंद होती. अकोला, याच बाईंचं अंगण, पाच मंडळं हजर. ते पान तुम्ही मला वगळायला सांगितलंत. मोठ्या वहीतला महासंघ तुमच्या शाळेच्या सभागृहात सुरू होतो, म्हणजे खरं तर दुसऱ्या सभेपासून. काम संपलं तेव्हा तुम्ही मला शाईचा पेन आणून दिलात आणि येईल त्याला माझं अक्षर दाखवत राहिलात. मला ते फार आवडलं होतं.

पुढच्या वर्षीचं संमेलन मला तुमच्यापेक्षा जास्त आठवत असेल. मैदानावर मांडव आहे, सगळ्या जिल्ह्यांतून मंडळं आली आहेत, खंजिरीवाले खंजिऱ्या उन्हात तापवत ठेवताहेत. तुम्ही नोंदणीच्या टेबलाशी बसला आहात आणि मी शेजारी चिठ्ठ्या लिहिते आहे. अकोल्याच्या नऊ बाया येतात. भाजीच्या मळ्यात काम करणाऱ्या, सकाळची पहिली एसटी धरून आलेल्या, टाळ कापडी पिशवीत गुंडाळलेले, सोबत पेटी नाही. सगळ्यांच्या पुढे त्या बाई. तुम्ही मोठी वही उघडता, बोट फिरवता आणि म्हणता, "प्रमुखांचं पत्र लागेल."

"कोन प्रमुख?"

"तुमचे दीर."

"त्यानं तं वाटनीत पेटी नेली, मास्तर. थो कुठी भजन म्हन्ते? लेकराच्या चड्ड्या वाळू घालते थो पेटीवर." मागच्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या.

तुम्ही हसला नाहीत. "बाई, एकासाठी नियम बदलता येत नाही."

"नियम? पत्र पेटीच्या पत्त्यावर धाडा, हे कोनं सांगतलं होतं तुमाले? मीच ना? माह्या अंगनात बसून, माह्या हातचं पिठलं खाऊन लिवलं तुमी थे. तवा पेटी माह्या घरी होती. आता पेटी गेली, पन गळा तं माह्याचपाशी हाय!"

रांगेतले लोक ओरडायला लागले. तुम्ही मान खाली घालून पुढच्या मंडळाला हाक मारलीत. बाया मांडवाबाहेर कडुनिंबाखाली बसल्या, सोबतची शिदोरी खाल्ली आणि दुपारच्या गाडीनं परत गेल्या. मी त्यांना पाणी नेऊन दिलं. बाईंनी विचारलं, "वहीतलं अक्षर तुह्यं होय काय वं?" मी मान हलवली. "सुरेख हाय, सारे म्हनतात," त्या म्हणाल्या. त्या दिवशी घरी आईनं तुमच्यासाठी दोनदा ताट वाढलं आणि तुम्ही दोन्ही वेळा पाटावरून उठून गेलात. म्हणजे तुम्हाला कळलं होतं. कळूनही वही तशीच राहिली.

मी तुमच्या बाजूनं पुष्कळ विचार केला, बाबा. बाईच्या अंगणात सुरू झालेल्या संस्थेत इतर जिल्ह्यांतली पुरुषांची मंडळं येणार नाहीत, अशी तुम्हाला भीती वाटली असेल. कुणीतरी तसं लिहून कळवलं असेल, तुमच्यावर दडपण आणलं असेल. तसं एखादं पत्र सापडावं म्हणून मी तीन दिवस सगळं दप्तर उलथंपालथं केलं. गावोगावच्या लोकांनी तुमच्या उपकाराबद्दल लिहिलेली पत्रं सापडली, तुम्ही पायी जाऊन कुणाकुणाच्या पेट्या दुरुस्त केल्या त्याबद्दलची. तुमच्याकडे कुणी काही मागितलं आणि तुम्ही नाही म्हणालात, असं एकही पत्र नाही. आणि बाईंचं नाव काढा असं सांगणारंही एक नाही. तुम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं.

गेल्या आठवड्यात मी अकोल्याला गेले. मळा आता राहिलेला नाही, तिथे प्लॉट पडले. बाई जठारपेठेत नातवाकडे असतात. ऐंशीच्या पुढे गेल्या आहेत, ऐकू कमी येतं, पण माणूस ओळखतात. "मास्तरची पोट्टी ना तू? नाक तं तेच हाय. आंगानं भरली वं लय!" मी पातळ वही काढून त्यांना पहिलं पान वाचून दाखवलं. त्यांनी ते मला दोनदा वाचायला लावलं, मग चहा टाकत असलेल्या नातसुनेला बाहेर बोलावलं आणि तिसऱ्यांदा.

"पाह्य, मी सांगो तं म्हातारी थापा मारते म्हनत होते ना तुमी?"

"आजी, आमी कवा म्हन्लं असं?"

"रोज म्हनता. गावोगाव मंडळं झाली, अन् म्हनते माह्या अंगनातून झाली, असं म्हनून हासता. आता हास!"

नातसून खरोखरच ओशाळली. मग बाईंनी वही स्वतःच्या मांडीवर घेतली. त्यांना वाचता येत नाही, पण पुढच्या पानावरची लाल रेघ त्यांना दिसली. त्यावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "हे माह्यंच नाव काय?"

"हो, मावशी."

"कोनं खोडलं?"

मी तुमचं नाव घेतलं. त्यांनी रेघेवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "तुह्या बापाचा हात लय हलका होता. माह्यी पेटी त्यानंच सुरात आनून देल्ली होती. दुसऱ्या कोनी खोडलं असतं तं मले इतकं लागलं नसतं. मांडवातून परत आलो त्या दिवसापासून आमी बाया भजनाले कवा एका जागी बसलोच नाई." आणि थोड्या वेळानं, "छापशीन हे?"

"छापीन."

"कोनं खोडलं, थे बी?"

"ते पण," मी म्हणाले. लेख झाला की रविवारी येऊन वाचून दाखवीन, असंही सांगितलं.

लेख झाला. अंगण आलं, पाच मंडळं आली, बाईंचं पूर्ण नाव आलं, संस्थेची कल्पना त्यांची होती हेही आलं. ते नाव गेलं कसं, या वाक्यापाशी मी तीन संध्याकाळी अडकून राहिले. 'चिटणीसांनी स्वतःच्या हातानं' असं लिहिलं की तुम्ही दाराशी उभे दिसायचात, चष्मा कपाळावर, कुणाची तरी पेटी काखेत. मग मी ते खोडायचे. शेवटी लिहिलं, की नोंदवहीची नक्कल एका बारा वर्षांच्या मुलीनं केली आणि तिच्या हातून एक नाव व एक पान राहून गेलं. ती मुलगी मी, आणि त्याबद्दल मी बाईंची क्षमा मागते. अध्यक्षांनी वाचलं आणि लगेच फोन केला. "ताई, किती मोठं मन आहे तुमचं! सरांचे संस्कार."

मला तेव्हाच बोलता आलं असतं. छापखान्यात पानं अजून दोन दिवस थांबणार आहेत, एक वाक्य बदलायला पाच मिनिटं लागतील. हे पत्र कुठेच जाणार नाही, म्हणून यात खरं लिहिता आलं. लेखात ते लिहायचं म्हणजे तुम्हाला त्या टेबलाशी पुन्हा बसवायचं, आणि या वेळी सगळ्या जिल्ह्यांसमोर. न लिहायचं, तर ती लाल रेघ मी दुसऱ्यांदा ओढली.

रविवार काल होऊन गेला. मी अकोल्याला गेले नाही. दुपारी नातसुनेचा दोनदा फोन आला होता, मी उचलला नाही.