आंबा घाटातून दिसणारा समुद्र

आंबा, ता. शाहूवाडी
१२ ऑगस्ट १९९८

ती. आक्कास,
सप्रेम जयभीम वि. वि.

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले, उत्तराला उशीर केला म्हणून रागावू नकोस. इथे पाऊस असा लागलाय की पोस्टमन मलकापुराहून आला तरी आधी लॉजच्या चुलीपाशी बसून अंग शेकतो आणि मग पिशवी उघडतो. माझी तब्येत बरी आहे. दोन वेळा जेवते. एवढं तुला आधी सांगितलं म्हणजे पुढचं नीट वाचशील.

तू लिहितेस की आता जयसिंगपूरला कायमची ये, दिवाळीनंतर शाळा उघडली की वसतिगृहात स्वयंपाकाला बाई हवी आहे आणि संघर्षनं माझ्यासाठी शब्द टाकला आहे. तुझ्या पोराला मावशीची एवढी काळजी आहे हे वाचून बरं वाटलं. नाही म्हणायला माझ्याकडे कारणही नाही. हे जाऊन आता वर्ष होत आलं, मूलबाळ नाही, दोन खोल्यांत मी एकटी. तरी 'हो' लिहायला हात उचलत नाही. का ते सांगते, हसू नकोस.

गेल्या आठवड्यात लॉजवर सांगलीचं एक कुटुंब उतरलं होतं. मी भाकरी वाढत होते. त्यातल्या बाईंनी विचारलं की मावशी, पॉइंटवरून काय काय दिसतं हो? मी सगळ्या पावण्यांना सांगते तेच सांगितलं. खाली कोकण हिरव्या लुगड्यासारखं पसरलेलं, मधेच नदीचा पदर, आणि आभाळ मोकळं असलं तर पार टोकाला समुद्राची रुपेरी कड. नशिबानं त्या दुपारी ऊन पडलं. ती माणसं पॉइंटला जाऊन आली आणि त्या बाईंचे मालक हसत हसत मला म्हणाले की मावशी, समुद्र इथनं कुठला दिसतोय, नकाशात बघा की किती लांब आहे तो. मग म्हणाले, तुम्ही स्वतः बघितलाय का कधी? माझी तव्यावरची भाकरी करपली.

आक्का, मी तो पॉइंट बघितलेला नाही. इथल्या बायका रानात लाकडाला जातात, करवंदाला जातात. नुसतं बघायला म्हणून कोण जातं? पण यांनी सगळ्या मुलखाची माणसं जीपमधून तिथे नेली. संध्याकाळी आले की चहा पिता पिता मला सगळं वर्णन करून सांगायचे. मी म्हणायची, मला न्या की एकदा. ते म्हणायचे, पुढच्या सीझनला. एकदा तर मी नवी साडी नेसून दारात उभी राहिले होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, जीप चालू केली आणि गेले. मला वाटलं, शेजारच्या सीटवर बायको बसवायची लाज वाटत असेल.

आणि आता हे समुद्राचं. मला खोटं का सांगितलं असेल? आणि नेलं का नसेल? हे दोन्ही पोटात घेऊन तुझ्या घरी येऊन बसले तर तिथेही बसवणार नाही. एकदा डोळ्यांनी बघून येते, मग तुला काय ते कळवते.

अक्षताला आशीर्वाद. जीव लावतेस तसा लावत राहा.

तुझी,
बाळा

---

जयसिंगपूर
२१ ऑगस्ट १९९८

चि. बाळाबाईस,
आक्काताईकडून जयभीम आणि पुष्कळ आशीर्वाद.

मी सांगतीया आणि अक्षता लिहितीया. ही सून माझं बोलणं शुद्ध करायला बघती, म्हणून तिला बजावलंय की हाय तसंच लिही, नायतर बाळाला वाटायचं पत्र शाळेतनं आलंय.

तुझं पत्र दोनदा वाचून घेतलं. अगं, डोंगर काय कुठं पळून चाललाय व्हय? नोकरी मातूर पळून जाईल. त्या सांगलीकराला चष्मा लागला असंल, त्याच्यापायी तू मेलेल्या माणसावर खटला भरायला निघालीस? नवऱ्यानं घाट दाखवला न्हाय म्हणून कोण रडतं? माझ्यानं मला नरसोबाची वाडी दाखवली न्हाय अजून, आणि ती हितनं हाकेवर हाय.

दुसरं सांगते ते ऐक. बाईमाणूस एकटं रानात हिंडायला लागलं की लोक काय बोलतात ते तुला ठावं हाय. त्यात तू अशी. तुझ्या गावातली एक बाई परवा बाजारात भेटली, तिनं काढलंच की तुमची बाळाबाई एकटीच डोंगराला जायचं म्हणतीया. मी तिला दोन शब्द सुनावले, पण रात्री मलाच झोप लागंना.

दिवाळीच्या आत 'हो' लिही. माडीवरची खोली तुझ्यासाठी झाडून ठेवलीया. लोभ हाय म्हणून बोलते, न्हायतर गप बसले असते.

तुझी,
आक्का

ता. क. मावशी, आई खोली नुसती झाडून थांबल्या नाहीत, रंगसुद्धा दिलाय. तुम्हाला सांगू नको म्हणाल्या होत्या. — अक्षता

---

आंबा
१७ सप्टेंबर १९९८

ती. आक्कास,
सप्रेम जयभीम वि. वि.

तुझे बोल लागले, पण गोडच लागले. माडीला कोणता रंग दिलास तेवढं लिहायचं राहिलं.

मी पॉइंटला जाऊन आले. एकदा नाही, दोनदा. पहिल्यांदा गौरी-गणपतीच्या गडबडीत गेले, म्हणजे वाटेवर कुणी नव्हतं. कांदा-भाकरी बांधून घेतली आणि गुडघ्यापर्यंत मीठ चोळलं, कारण रानात जळवा आहेत. तरी एक चिकटलीच. वाट चांगली आहे. दोन्ही बाजूंना कारवी, मग झाडी सुटते आणि कातळाचा सडा लागतो. त्या कातळावर कुठे मातीचा चिमूटभर थर होता तिथे निळी, पिवळी बारकी फुलं अशी दाटली होती की पाऊल कुठे टाकावं कळेना. यांनी फुलांचं कधी सांगितलं नव्हतं.

पण टोकाशी गेले तर पुढे सगळं पांढरं. धुकं कसलं, कापसाची भिंतच. मी तिथे बसून भाकरी खाल्ली, तरी भिंत हलली नाही. खालून कुठूनतरी कोंबडा आरवल्याचा आवाज तेवढा आला. म्हणजे खाली कुणीतरी आहे, एवढंच बघून परत आले. पुढच्या आठवड्यात पुन्हा गेले, तर पुन्हा तेच.

तेव्हापासून माझं काय झालंय कळत नाही. घरात बसले की भिंती अंगावर येतात. सुट्टीच्या दिवशी एसटी दिसली की चढते. परवा पन्हाळ्याला गेले. तबक उद्यानात पोरं झाडांखाली डबे उघडून बसली होती, त्यांच्याकडे बघत बसले आणि शेवटच्या गाडीच्या आधी निघाले. त्याच्या आधी कोल्हापूरला जाऊन रंकाळ्यावर भेळ खाल्ली. मलकापूरच्या वाचनालयातून प्रवासवर्णनाची पुस्तकं आणते. तिथला माणूस म्हणाला की बाई, तुम्ही तर सगळं कपाट संपवायला लागलात. पुस्तकातला हिमालय वाचते आणि मनात म्हणते, हे यांनी कसं सांगितलं असतं? पन्हाळ्याच्या तटावरही तेच. माझ्या डोळ्यांना यांच्या सांगण्याची सवय लागली आहे, आक्का. आता ते सांगणंच खोटं निघालं तर मी आजवर जे बघितलं असं समजत होते, त्याचं काय करायचं?

नळावरच्या बायका बोलतात. बाळाबाई पावणं झाली म्हणतात. मी म्हटलं, व्हय झाले, चहा पाजा.

पाऊस ओसरला की आकारामभाऊजी जीप घेऊन जातील, त्यांना विचारणार आहे. यांची जीप मालकानं आता त्यांच्याकडे दिली आहे. आजवर ती गाडी अंगणावरून गेली की मी आत जायची.

तुझा राग पोचला. मायाही पाठवत जा.

तुझी,
बाळा

---

जयसिंगपूर
२६ सप्टेंबर १९९८

चि. बाळास,
आक्काकडून आशीर्वाद. जयभीम.

रंग पोपटी हाय. संघर्षनं निवडला. मी म्हटलं, मावशीला पिंजऱ्यात बसल्यागत वाटंल. तो म्हणतो, तिला रान आवडतं की.

तुझी भटकंती वाचून अक्षता खूश झाली. म्हणती, मावशी सहलीला जात्यात. मी म्हटलं, ह्याला सहल म्हणत न्हाईत, जिवाला थारा न्हाय म्हणतात. मी तुझी थोरली हाय, मला कळतं.

केरबानं तुझ्याशी खोटं बोलावं, हे मातूर माझ्या मनाला पटत न्हाय. माणूस साधा होता. थोडा विक्षिप्त होता, ते कबूल कर. आठवतंय काय, उन्हाळ्यात तुमी आला होता तवा आमी सगळी वर गच्चीवर झोपायला गेलो आणि हा गडी खाली स्वयंपाकघरात घामानं भिजत पडला. मी म्हटलं, पावणं, वर वारं हाय, या की. तर म्हणाला, मला जमिनीवरच बरं वाटतं. तीन जिने चढायचा आळस! दुसऱ्या वर्षी पण तेच. मी तर त्याला तोंडावर आळशी म्हटलं. हसला बिचारा. आता वाटतं, कशाला बोलले.

वसतिगृहाच्या बाईंनी पुन्हा विचारलं. मी त्यांना दिवाळीपर्यंत थांबवलंय. त्याच्या पुढं माझी जीभ चालणार न्हाय.

तुझ्या वाटेकडं डोळे लावलेली,
आक्का

---

आंबा
११ ऑक्टोबर १९९८

ती. आक्कास,
सप्रेम जयभीम वि. वि.

तो आळस नव्हता, आक्का. सगळं सांगते.

काल आभाळ निवळलं. आकारामभाऊजी चार पावणी घेऊन पॉइंटला निघाले होते. मी रस्त्यात उभी राहिले आणि म्हटलं, मलाही न्या. त्यांनी काही न विचारता शेजारच्या सीटवरची गोधडी झटकली. ती माझीच गोधडी, मी शिवलेली. मी बसले. घाटाची वळणं यांच्या तोंडून इतकी ऐकलेली की पुढचं कोणत्या हाताला ते आधीच कळत होतं.

सड्यापाशी गाडी थांबली. पावणी उतरून पुढे गेली. भाऊजी मात्र चप्पल काढून सीटवर पाय पसरायला लागले. मी विचारलं, तुम्ही येत नाही? तर म्हणाले की वहिनी, डायवर कवा उतरतोय व्हय? पावणं बघत्यात, आमी झोपतो. मी विचारलं, हे पण? त्यावर ते इकडे तिकडे बघायला लागले. म्हणाले, केरबा तर दार बी उघडायचा न्हाय. मी म्हटलं, भाऊजी, खरं सांगा. ते म्हणाले, त्यानं शपथ घातलीया. मी म्हटलं, ज्यानं घातली तो आता नाही, आणि मला रात्रीची झोप नाही.

मग बोलले. केरबाला उंचावर उभं राहिलं की चक्कर यायची. स्टेरिंग हातात असलं की दरीच्या कडंनं गाणं म्हणत गाडी वळवायचा, पण पायावर उभा राहिला की पाय लटलट कापायचे. घाटातल्या डायवराला असलं सांगायची चोरी, कोण गाडी देणार? म्हणून कधी उतरायचा नाही. पण परत येताना एकेका पावण्याला खोदून विचारायचा, काय काय बघितलंसा? त्यातलं चांगलं चांगलं ध्यानात ठेवायचा. म्हणायचा, घरात सांगायला पायजे. समुद्राचं एका म्हाताऱ्या बाईनं सांगितलं होतं म्हणे. तिनं काय बघितलं देव जाणे, पण केरबाला ते फार आवडलं.

खोटं नव्हतं ते. त्यांनाही तेवढंच माहीत होतं.

पुढचं ऐक. भाऊजी म्हणाले, एकदा मातूर उतरला. पावणं नव्हतं, आमी दोघंच. मला म्हणाला, घरची लई मागं लागलीया, परवा तर नवी साडी नेसून उभी होती, तिला आणायचं तर आधी जमतंय का बघतो. आणि वहिनी, हसू नगा, कातळावर खाली बसला आणि ढुंगणावर सरकत सरकत निघाला, झुडपं धरून. मधल्या मोठ्या दगडापातूर गेला. तिथं डोळं गच्च मिटून बसला, आणि तसाच सरकत माघारी आला, कपाळावर हा घाम. मला म्हणाला, तिच्यासमोर असा सरकत जाऊ व्हय? त्यापरीस पुढच्या सीझनला बघू.

मी उतरले. तशीच पुढे गेले. तो दगड सापडला. पावणी फोटो काढत होती, कुणाचं लक्ष नव्हतं. मी तिथे खाली बसले, पदर खोचला आणि कडेपर्यंत बसूनच सरकत गेले. मला चक्कर येत नाही, हे तिथे कळलं.

समुद्र दिसत नाही. सांगलीकर खरं बोलले. डोंगराच्या सोंडा एकामागे एक, जवळची हिरवी, मागची निळी, शेवटची चुलीतल्या राखेसारखी. खोल खाली कौलांची दोन-चार घरं. तो कोंबडा तिथलाच असणार. आणि एक घार माझ्या खाली उडत होती. घारीची पाठ कशी असते ते मी आयुष्यात पहिल्यांदा बघितलं. तांबूस असते, ऊन पडलं की चमकते. हे त्यांना कुठल्याच पावण्यानं सांगितलं नसावं. सांगितलं असतं तर मला कळलं असतं.

तिथे बसून मी ते मोठ्यानं सांगितलं. पावणी वळून बघायला लागली, बघू देत.

वसतिगृहाला दुसरी बाई बघायला सांग. संघर्षची क्षमा मागते. पोपटी खोलीत मी दिवाळीला येईन, आठ दिवस राहीन आणि परत येईन. पळून नाही, राहायला म्हणून परत येईन.

माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.

तुझी,
बाळा

---

जयसिंगपूर
१६ ऑक्टोबर १९९८

चि. बाळास,
आक्काकडून खूप खूप आशीर्वाद.

अक्षतानं पत्र वाचलं आणि दगडापाशी आल्यावर तिलाच पुढं वाचता येईना. मग संघर्षनं वाचलं. मी त्या माणसाला आळशी म्हटलं होतं गं.

वसतिगृहाच्या बाईंना मी नको म्हणून सांगून आले. त्या फणकारल्या. मी म्हटलं, आमची बाळाबाई डोंगरातच बरी, तिला तिथं काम हाय.

दिवाळीला ये. पण भाऊबीज झाली की मी तुझ्याबरोबर आंब्याला येणार. गुडघे धरलेत, चालवत न्हाय. चालंल, मी पण सरकत येईन, आपल्या घरात ती रीतच पडलीया. आकारामला सांग, पुढची सीट माझी.

आणि एक काम कर. तिथं गेल्यावर समुद्र दिसतोय असंच मला सांग. केरबानं मलापण सांगितलं होतं, आणि मी ते सगळ्या जयसिंगपूरभर सांगून बसलीया.

आपला जिव्हाळा हाय तसाच ऱ्हाऊ दे.

तुझी,
आक्का