धाकटीच्या छातीतलं जातं

आई, दूर कुणाच्या तरी घरात जातं फिरत असावं, तशी ती घरघर मला अजून ऐकू येते. रहिमतपूरच्या घरात तू चुलीपुढं भाकरी थापायचीस आणि मी आपल्या धाकटीच्या, माझ्या बहिणीच्या, छातीला कान लावून बसायचो. शाळेत शिकवलेली कविता मी तिला चालीवर म्हणून दाखवायचो आणि तिचं काळीज त्या चालीत बसतं का ते बघायचो. कधीच बसलं नाही. ओळ संपली तरी आत ते जातं फिरतच राहायचं. तिला ऐकू येत नाही हे तोवर सगळ्यांना कळलं होतं. शेजारी ताट पडलं तरी ती वळायची नाही. पण मी म्हणायला लागलो की ती तिचा थंडगार तळवा माझ्या गळ्यावर ठेवायची, आणि कडवं संपलं की हसायची. चार वर्षांची व्हायच्या आत ती गेली. नंतर आपल्या घरात तिचा विषय कुणी काढला नाही.

कारण काय ते सगळ्यांना ठाऊकच होतं. धाकटीच्या वेळी तू पोटुशी असताना ग्रहण लागलं होतं आणि तू विळीवर बसून वांगी चिरलीस. धाकट्या आत्यानं, ती तेव्हा बारा वर्षांची असेल, तसं आजीला सांगितलं. आजी येता-जाता म्हणायची, "हिनं आपल्या हातानं पोरीचं काळीज चिरलं." तू फुंकणीनं चूल फुंकत राहायचीस. एकदाच मी विचारलं, "आई, खरंच चिरलीस तू?" तू टपली मारलीस आणि म्हणालीस, "जा, कविता पाठ कर."

आता मी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे आणि कडेगावला लेकाकडं असतो. नातसुनेला चौथा महिना लागलाय. सांगलीच्या एका दवाखान्यात डॉक्टरांचं संशोधन चाललं आहे: गरोदर बायका, लहान पोरांना होणारे पुरळाचे ताप, आणि जन्मणाऱ्या बाळांचं हृदय. ज्यांची खुशी असेल त्यांनी नाव द्यायचं, रक्त द्यायचं, बाळाचं हृदय तपासून घ्यायचं. नातसुनेनं नाव दिलं तसा सुनेचा पारा चढला. "आमची पोर काय उंदीर हाय व्हय, प्रयोग करायला?"

"उंदराची सही घेत न्हाईत, आई," नातसून म्हणाली. लय फटकळ आहे. तुला आवडली असती.

परवा तिकडची नर्सबाई घरी आली. कागद पुढं ठेवून एकेक विचारत होती. घराण्यात कुणाला जन्मापासून हृदयाचा त्रास? बहिरेपण? सून म्हणाली, "आमच्यात तसलं कुणी न्हाई. व्हय की न्हाई, मामा?" मी चहाच्या कपात बघत "न्हाई" म्हणालो. नर्सबाईनं तसं लिहून घेतलं.

मग नातसुनेनं विचारलं, हे कशाला लागतं? नर्सबाई सांगू लागली. पोराला बारीक पुरळ उठतं, तीन दिवसांत मावळतं, पोर खेळायला जातं. पण तेच आईला गरोदरपणाच्या पहिल्या काही महिन्यांत लागलं तर पोटातल्या बाळाच्या हृदयाला आणि कानाला धक्का बसू शकतो. "आन् ग्रहण?" सुनेनं मधेच विचारलं. नर्सबाई हसली. "ग्रहणाचं काय न्हाई वो, मावशी."

आई, मी कप खाली ठेवला. कारण मला ते तीन दिवस आठवले. माझ्या अंगावर पुरळ उठलं होतं; देवीबाई आली म्हणून दाराला लिंबाचा डहाळा होता, घरात फोडणी बंद होती, डॉक्टरचं नाव काढायचं नव्हतं. बाई शांत होईपर्यंत आईनं पोराला मांडीवरून उतरवायचं नाही, हा आपला रिवाज. तुला तेव्हा नुकतेच धाकटीच्या वेळचे दिवस गेले होते. तीन दिवस माझा तापलेला गाल तुझ्या गळ्याशी होता. पुढं तुझ्याही दंडांवर बारीक पुरळ दिसलं, तेव्हा आजीनं हात जोडले. "बाईनं दोघांवर किरपा केली," म्हणाली.

ते पुरळ तेच होतं का, हे आता कुणी सांगू शकणार नाही. पण धाकटी होती, हे मी सांगू शकतो. उद्या सकाळच्या एसटीनं मी सांगलीला जाणार आणि "माझं 'न्हाई' खोटं होतं, खोडा," म्हणणार. एक मुलगी होती, हृदयात दोष, ऐकू येत नव्हतं, आईला पुरळ आलं होतं, हे सगळं लिहा. नातसुनेच्या बाळाला त्याचा उपयोग होईल, न होईल, ते डॉक्टर ठरवतील. त्यांच्या कागदावर खोटं राहता कामा नये. काल मी घरात हे सगळं सांगितलं, तेव्हा सून म्हणाली, "मामा, इतक्या वर्सांनी कशाला उकरताय? लोक म्हणतील, घराण्यातच खोट हाय." मी म्हणालो, म्हणू देत.

हा कागद पेटीत कवितेच्या वहीखाली ठेवीन. एक मात्र सांगायचं राहिलं. शेवटच्या आठवड्यात धाकटीनं तळवा माझ्या गळ्याकडं आणला की मी उठून खेळायला पळायचो. मला त्या घरघरीची भीती वाटायला लागली होती. तू बघत होतीस, आणि तेव्हाही काही बोलली नाहीस.

बाहेर वडापची जीप थांबलीय. दाराशी काठी वाजते आहे. नातसून हाताला धरून कुणाला तरी आत आणते आहे. आई, धाकटी आत्या आलीय. पाच वर्षं तिनं रहिमतपूर सोडलं नव्हतं.

पाण्याचा तांब्या तिनं हातानंच बाजूला सारला. "तुझ्या नातसुनंनं फोनवर समदं इच्यारलं," म्हणते. "उद्या मलाबी सांगलीला ने."

"तू कशाला, आत्या?"

"त्या दिशी विळीवर मी बसले हुते रं. आय मारंल म्हणून वैनीचं नाव घेतलं. वैनी तितंच उभी हुती."